पान सदतीस

कार्यकारिणीचा ठराव असा:
दहा वर्षांत जी पुस्तकं कुणी नेली नाहीत
ती माळ्यावर टाकावीत,
आणि त्या कपाटांच्या जागी
चार टेबलं, दोन पंखे,
स्पर्धा परीक्षेच्या पोरांसाठी.

अध्यक्ष इंगवले म्हणाले, लोकांना जे नको
ते लोकांच्या पैशानं का सांभाळायचं?
प्राध्यापक घोरपडकर म्हणाले,
असली पुस्तकं सगळ्यांसाठी नसतातच मुळी,
आणि चहात बिस्कीट बुडवलं.
एकाला लोकांचा कळवळा, एकाला पुस्तकांचा.
शिडी दोघांनी एकाच माळ्याला लावली.
मी इतिवृत्त लिहीत होते.
'सर्वानुमते' लिहिलं.

पोरं जिन्यात बसून अभ्यास करतात, हेही खरं.
गारगोटीकडची, आजऱ्याकडची,
खर्डा-भाकरीचा डबा पायरीवरच सोडणारी.
त्यांना टेबल मिळू नये असं मी कसं म्हणू?

यादी करायला बसले.
शेवटच्या पानावरच्या तारखांच्या चिठ्ठ्या:
कोऱ्या, कोऱ्या, एक तारीख, कोरी.
मग एक जाडजूड,
ज्याच्या प्रस्तावनेतच मी दोनदा पेंगले होते.
चिठ्ठीवर एकच सभासद, क्रमांक चारशे बारा,
हिंदुराव कातवरे, मोल्डर, उद्यमनगर.
अकरा वेळा मुदतवाढ.
दंड त्रेचाळीस रुपये, भरला.
पुस्तक उघडलं तर बांधणीच्या खाचेत
साच्याची काळी वाळू.
पान एक, पान नऊ, पान तीस, बोटांचे ठसे.
सदतीसवर सगळ्यात जास्त.
अडतीसपासून पुस्तक
लग्नातल्या टोपीसारखं स्वच्छ.

त्याच आठवड्यात भाच्याची कुस्ती,
म्हणून खासबागेत गेले.
भाचा दीड मिनिटात चीत झाला, ते सोडा.
शेवटच्या जोडीला दोन आडदांड माणसं
कपाळाला कपाळ लावून उभी राहिली
आणि उभीच राहिली.
दहा मिनिटं. बारा.
रिक्षावाले, भेळवाले, कुणी सरपंच, कुणी कंपाउंडर,
हजारो माणसं श्वास धरून,
आणि मी एकटीच घड्याळ बघत.
हे काही करत का नाहीत, मी मोठ्यानंच म्हणाले.

मागच्या पायरीवरून आवाज आला,
"बाई, त्ये थांबल्यात असं तुमाला वाटतंय.
डोस्क्याकडं बघू नका. पायाकडं बघा."
वळून पाहिलं. चारशे बारा. केस पांढरे झालेले.

पायाकडं पाहिलं.
अंगठा माती चाचपत होता.
टाच बोटभर सरकली, दुसऱ्यानं ती हेरली,
पहिल्यानं मागं घेतली.
मला एवढंच दिसलं.
त्यांना काय दिसलं कोण जाणे,
डाव पडण्याआधीच सगळं मैदान उठून उभं राहिलं.

बाहेर पडताना विचारलं, आणि ते पुस्तक?
"न्हाई कळलं. पर सोडवंना बी.
कुस्ती बापानं खांद्यावर बसवून दावली मला.
पुस्तकाला खांदा कुणाचा हुता?"
मी मान डोलावली, उत्तर सापडल्यासारखी.
तसा तो हसला.
"माझ्या भावाला बी दुसऱ्या खांद्यावर बसवलंता.
त्याला आजून मैदानात झोप येती."

सदतीसला काय होतं, विचारायचं राहिलं.
पुढं दूध कट्ट्यावर गर्दी होती,
म्हशीच्या धारेखाली पेला धरून तो उभा,
आणि मला पाच नंबरची बस गाठायची होती.

यादीत एकशे अठरा पुस्तकं लिहिली.
टेबलं आली. पंखा एकच आला.
एकशे एकोणिसावं माझ्या नावावर घरी आहे,
तिसरी मुदतवाढ.
रात्री भांडी आवरली की सदतीसवं पान उघडते.
वाळू झटकत नाही.
चोवीस ओळी आहेत, सगळ्या उभ्या,
कपाळाला कपाळ लावून.
मी पायाकडं बघते.
काल सोळाव्या ओळीत काहीतरी हललं
असं वाटलं,
मग दिवे गेले.